गुंजवण्याचा कर्णधार

मानसिंग शिळीमकर कर्णधार झाला, कारण त्या दिवशी दुसरं कोणी पुढे आलं नाही.

२०१७ चा जुलै होता. भोरच्या आमच्या कॉलेजात फुटबॉलचा संघ तीन वर्षं नव्हताच. आधीच्या मुलांनी पुण्यात एका सामन्यात रेफ्रीला धरून मारलं होतं, त्यावरून बंदी आली होती. बंदी उठेपर्यंत ती मुलं काही पास होऊन, काही नापास होऊन पांगली. मागे राहिले दोन गोलपोस्ट, त्यातला एक वाकलेला, आणि एक मैदान, ज्यावर बाजाराच्या दिवशी टेम्पो उभे राहायचे.

नोटीस वाचून आम्ही चौदा जण जमलो. जिमखान्याचे बोडके सर सावलीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, "आधी कोण खेळलंय?"

मी टीव्हीवर सगळे सामने बघायचो, माझ्याकडे पुण्याहून आणलेले स्टडचे बूट होते. पण खेळलो असं म्हणायची हिंमत झाली नाही. मागून एक बुटका, आडव्या हाडाचा मुलगा पुढे आला.

"म्या खेळलोय," तो म्हणाला. "पाच वर्सं."

"कुठे?"

"पानशेतकडं निवासी शाळेत हुतो. कोल्हापूरचे सर हुते शिकवायला."

"मग तूच कॅप्टन," सर म्हणाले, त्याच्या हातात हजेरीचं रजिस्टर दिलं आणि चहाला गेले.

माझं नाव शौनक. माझे वडील भोरच्या कोर्टात वकिली करतात. मानसिंगनं मला व्हाइस कॅप्टन केलं ते माझा खेळ बघून नाही. तो म्हणाला, "तू वकिलाचा. अर्ज लिव्हायचं, सरांशी बोलायचं, ते तू कर. बाकी म्या बगतो." मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला नाव मिळालं होतं.

तो राजगडाखालच्या गुंजवण्याचा. त्यांची बहुतेक भाताची खाचरं धरणाच्या पाण्यात गेली तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा असेल. घरात खाणारी तोंडं जास्त, म्हणून याला निवासी शाळेत घातला. भोरला तो कुंदाआत्याकडे राहायचा. आत्या एका खानावळीत पोळ्या लाटायची. त्याला पोलीस व्हायचं होतं. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "धरणाच्या टायमाला आमच्या घरी पोलीस आले हुते. बाप त्यांच्यापुढं हात जोडून हुबा हुता. म्या तवाच ठरवलं, हुबंच ऱ्हायचं तर त्या बाजूला ऱ्हायचं."

हे सांगताना त्याचा चेहरा हलला नाही. बापाबद्दलही त्याला माया वाटत असावी असं कधी दिसलं नाही.

पहिल्या दिवशी त्यानं माझे बूट काढायला लावले. चौदापैकी बूट आम्हा तिघांकडे होते. "सगळ्यांकडं हुईपर्यंत कुणीच घालायचं न्हाईत," तो म्हणाला. मी म्हणालो, पायाला खडे लागतात. त्यानं माझ्या अनवाणी पायावर आपली टाच ठेवली आणि सावकाश भार दिला. "आता खड्याचं काय वाटत न्हाई ना?" बाकीचे हसले. मीही हसलो.

सप्टेंबरमध्ये पुण्याच्या एका कॉलेजाकडून आम्ही नऊ-शून्यनं हरलो. परतताना स्वारगेटवरून भोरची एसटी पकडली. गाडी भरलेली होती. मानसिंग मधल्या दांड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "एकेकानं उठून सांगायचं. कितवा गोल माझ्यामुळं झाला."

आम्हाला वाटलं, गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. एकेक जण उठून सांगू लागला. बाजूच्या बायका, भाजीवाले, कंडक्टर, सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "तिसरा माझ्यामुळे." तो म्हणाला, "आन् सातवा." शेवटी गोलकीपर उठला. स्वरूप मळेकर, वरंधा घाटाच्या वाटेवरच्या हिर्डोशीचा. उंच, हडकुळा, बोलताना जमिनीकडे बघणारा.

"चार," स्वरूप म्हणाला.

"सहा," मानसिंग म्हणाला. "सहा टायमाला तू डोळं मिटलंस. मोजून सांगतोय."

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अरे पोरा, जाऊ दे की. खेळ हाय." मानसिंगनं त्यांच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "बाबा, तुमी तुमचं तिकीट सांबाळा."

स्वरूपचं डोळे मिटणं ही खरीच अडचण होती. बॉल अंगावर आला की त्याचे डोळे आपोआप मिटायचे आणि मान वळायची. त्यात तो उशिरा यायचा. हिर्डोशीची सकाळची एसटी आली तर आली; नाहीतर तो दोन-दोन तास चालून, मिळेल त्या दुधाच्या गाडीला हात करत यायचा. मानसिंगला हे माहीत होतं. तो स्वतः शनिवारी गुंजवण्याला जायचा तेव्हा नसरापूरपासून पुढे अर्धी वाट असाच जायचा. म्हणून तर तो स्वरूपला अजिबात सूट द्यायचा नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी स्वरूप पाऊण तास उशिरा आला. मानसिंगनं त्याच्याच टॉवेलनं त्याचे हात मागे बांधले आणि त्याला गोलमध्ये उभं केलं. मग आम्हाला बारा पावलांवर रांगेत लावलं.

"एकेकानं मारायचा. तोंडावर. ह्यानं डोळं उगडं ठिवलं की सोडायचा."

रांगेतून कोणी बाहेर पडलं नाही, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. सुरुवातीचे बॉल बाहेर गेले. काही जण मुद्दाम बाहेर मारत होते. मानसिंग म्हणाला, "जो बाहेर मारील तो त्याच्या जागी हुबा ऱ्हाईल." मग बॉल नीट जायला लागले. छातीवर, खांद्यावर, कानावर. प्रत्येक वेळी स्वरूपचे डोळे मिटत होते. बॉल लागला की तो कमरेत वाकायचा, पुन्हा सरळ व्हायचा, आणि आम्ही हसायचो. कोणाचा सणसणीत बसतो यावर पैज लागली.

माझा बॉल त्याच्या नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला बारा पावलांवर आला. स्वरूप गुडघ्यावर बसला. हात बांधलेले, त्यामुळे नाक धरताही येईना. रक्त हनुवटीवरून गंजीफ्रॉकवर पडत होतं.

मानसिंग त्याच्यासमोर जाऊन बसला. "ह्या टायमाला डोळं उगडं हुतं," तो म्हणाला. "म्या बगितलं." आणि त्यानं टॉवेल सोडला.

स्वरूपनं घरी सांगितलं, एसटीच्या दारातून पडलो. नाक कायमचं डाव्या बाजूला वळलं. त्या दिवसानंतर त्यानं डोळे मिटले नाहीत, हेही खरं. पुढच्या वर्षी त्यानं तीन पेनल्टी अडवल्या आणि आम्ही विभागीय स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेलो. ज्या कॉलेजाचं नाव ऐकून समोरचे संघ हसायचे, त्याच्याशी आता सगळे जपून खेळायला लागले. लोक म्हणायचे, भोरची पोरं मरणाची पळतात. आम्ही मानसिंगला भिऊन पळत होतो.

त्याचा आणखी एक नियम होता. कोणी पाय दुखतो म्हणालं की तो त्याला सगळ्यांसमोर उभा करायचा, दुखऱ्या पायाला पुढून टॅकल करायचा, म्हणजे बॉल काढायला पाय घालायचा. खाली पडून ओरडला तर त्याला दोन दिवस सुट्टी. पडून उठला तर लगेच पळायचं. "खोटं दुकणं आन् खरं दुकणं, दोन्ही कळतंय," तो म्हणायचा. एका मुलानं या नियमापायी संघ सोडला. दुसऱ्या एकानं लघवीतून रक्त जायला लागेपर्यंत पाठ दुखते म्हणून सांगितलं नाही.

मी हे सगळं त्याची निंदा म्हणून सांगत नाही. बोडके सर महिन्यातून दोनदा मैदानावर यायचे. जाळी कोणी विणली, वाकलेला पोल कोणी सरळ केला, प्राचार्यांच्या दाराशी बसून बूट कोणी मंजूर करून घेतले, तर मानसिंगनं. बूट आले तेव्हा त्याच्या मापाचे नव्हते. दोन वर्षं तो एक नंबर मोठ्या बुटात कागद कोंबून खेळला.

तिसऱ्या वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, त्याचा उजवा गुडघा गेला.

सामन्यात नाही. सरावात, ओल्या मैदानावर, एकटाच वळताना. तो पडला, बसून राहिला, मग उठून म्हणाला, "आज बास." आम्हाला संशय आला नाही. चार दिवसांनी मी एका अर्जावर त्याची सही घ्यायला कुंदाआत्याकडे गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला, त्यावर आंबेहळदीचा लेप. आत्या म्हणाली, "बग रे बाबा, तूच सांग ह्याला. डाक्टरकडं जात न्हाई."

"आत्ये, चा ठेव," तो म्हणाला. ती आत गेल्यावर त्यानं माझं मनगट धरलं.

"विद्यापीठाची निवड ऑक्टोबरात हाय. विभागाच्या स्पर्धेला बगायला येणारेत. तिथं नाव लागलं तर भरतीत खेळाडूंच्या जागंवर अर्ज करता येतोय. तवर कुणाला सांगायचं न्हाई. बोडक्यांना तर न्हाईच."

"पण तू खेळणार कसा?"

"पट्टी बांदून." मग तो म्हणाला, "शौनक, म्या कुणाला कधी काय मागितलं न्हाई."

ते खरं होतं. मी म्हणालो, "नाही सांगणार."

तीन आठवडे मी सांगितलं नाही. या तीन आठवड्यांत त्यानं आम्हाला जास्तच पिळलं. स्वतः कमी पळायचा आणि ते दिसू नये म्हणून शिट्टी घेऊन मध्ये उभा राहायचा. मी पाण्याची बाटली लवकर उघडली म्हणून एकदा त्यानं माझ्या तोंडावर ती रिकामी केली. त्या दिवशी मैदानाबाहेर माझे वडील गाडी घेऊन उभे होते. त्यांनी ते बघितलं. घरी जेवताना एवढंच म्हणाले, "कर्णधार कोण आहे म्हणालास? तो?"

दुसऱ्या दिवशी मी बोडके सरांना सांगितलं.

मी सरांना म्हणालो की संघाचं नुकसान होईल, म्हणून सांगतोय. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग कॅप्टन कोण करायचा?" मी म्हणालो, "तुम्ही ठरवाल तो." आम्हा दोघांनाही उत्तर माहीत होतं.

संध्याकाळी सरांनी सगळ्यांना मैदानावर बोलावलं. मानसिंग आला तेव्हा सर खुर्चीत नव्हते, उभे होते. ते म्हणाले, "शिळीमकर, तुझा गुडघा गेलाय असं कळलं."

मानसिंगनं कोणाकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. "न्हाई सर. लचकलाय."

"मग तुमची ती परीक्षा आहे ना? ती घेऊ या. सगळ्यांना सारखा नियम." सर पोरांकडे वळले. "काय रे? घ्यायची का?"

कोणी तरी मागून म्हणालं, "घ्या." मग दुसरा म्हणाला. मग सगळेच. ज्याच्या लघवीतून रक्त गेलं होतं तो सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला. फक्त स्वरूप गोलपोस्टला टेकून गप्प होता.

मानसिंग खाली बसला, क्रेप बँडेज सोडलं, नीट गुंडाळून बाजूला ठेवलं आणि उभा राहिला. "कोण घेणार?"

"व्हाइस कॅप्टन," सर म्हणाले.

"ये," मानसिंग म्हणाला. त्यानं बॉल पायाखाली घेतला. आवाज नेहमीचाच होता, सरावात असायचा तसा. "लांबनं ये. हळू आलास तर परत यायला लावीन."

मी पंधरा पावलं मागे गेलो. पळत असताना मला वाटत होतं, जवळ गेल्यावर पाय आखडता घेईन. मी घेतला नाही. तोंडावरचं पाणी, पायावरची टाच, ते हसणं, सगळं माझ्या पायात आलं होतं. माझा बूट त्याच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला बसला. ओली फांदी पिळल्यासारखा आवाज झाला.

तो पडला. ओरडला नाही. हातावर भार देऊन उठला, दोन पावलं टाकली. गुडघा बाहेरच्या बाजूला असा वळला की एक पोरगा तोंड फिरवून ओकला. मानसिंग पुन्हा पडला, या वेळी आडवाच.

"बघा," बोडके सर म्हणाले. "खोटं बोलत होता."

सर फोन करायला गेले. भाजीचा एक टेम्पो मैदानाच्या कडेला उभा होता, त्यात त्याला घातला. स्वरूप आधी चढला आणि त्यानं मानसिंगचं डोकं मांडीवर घेतलं. मीही चढलो. रस्त्यात खड्डा आला की मानसिंगचा चेहरा पांढरा व्हायचा, डोळे मिटायला लागायचे. दर वेळी स्वरूप त्याच्या गालावर चापट मारून म्हणायचा, "डोळं मिटायचं न्हाई." तो हे मायेनं म्हणत होता की उट्टं काढत होता, ते मला कळलं नाही.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "त्याला आता कळलं असेल, तुला तेव्हा कसं वाटलं होतं."

स्वरूपनं समोरच्या भिंतीकडे बघतच उत्तर दिलं. "बॉल तुझा हुता, शौनक."

ऑक्टोबरात विभागाच्या स्पर्धेला मी कर्णधार म्हणून संघ नेला. मानसिंगनं बसवलेली घडी इतकी पक्की होती की माझ्यासारखा कर्णधार असूनही संघ जिंकत गेला. अंतिम सामना आम्ही एक-शून्यनं जिंकला. गोल माझा नव्हता. निवड समितीनं आमच्यातला एकच घेतला, गोलकीपर. माझं नाव त्यांनी लिहून घेतलं आणि पुढे काही झालं नाही.

सत्कार कॉलेजच्या सभागृहात झाला. मानसिंग कुबड्या घेऊन आला होता. त्याला कोणी बोलावलं होतं असं नाही. नोटीस वाचून आला असेल. भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला जाऊन ऑपरेशन करायला सांगितलं होतं, आणि घरचे भात निघाल्यावर बघू म्हणाले होते. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला. बोडके सरांनी वीस मिनिटं भाषण केलं. शून्यातून संघ कसा उभा केला, शिस्त कशी लावली. मानसिंगचं नाव त्यात नव्हतं. मी मंचावर होतो. नंतर मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी सरांचे आभार मानले.

मग फोटो. आम्ही पायऱ्यांवर उभे राहिलो, ढाल मध्ये. मानसिंग उठून हळूहळू आमच्याकडे यायला लागला आणि रांगेच्या कडेला, एक पाऊल अंतर ठेवून उभा राहिला. फोटोग्राफर बाहेरचा होता. त्यानं कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं.

"ओ काठीवाले, जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय."

आम्ही सोळा जण होतो. एकानं जरी म्हटलं असतं की हा आमचा कॅप्टन आहे, तर झालं असतं. मी स्वरूपकडे बघितलं. तो सरळ समोर बघत होता, उघड्या डोळ्यांनी. कोणी बोललं नाही. मानसिंगनं कुबडी फिरवली आणि बाजूला झाला. त्याला वेळ लागला. फोटोग्राफर थांबला, मग म्हणाला, "हां, आता हसा."

ऑपरेशन मार्चमध्ये ठरलं होतं. मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं. ते उघडेपर्यंत गुडघा जसा होता तसा जुळून गेला. पुढच्या पोलीस भरतीत आमच्या संघातले तिघं उभे राहिले. स्वरूप लागला. मानसिंगनं अर्जच भरला नाही. भरतीत सोळाशे मीटर पळावं लागतं.

मी पुण्यात विमा कंपनीच्या ऑफिसात लागलो. गेल्या नोव्हेंबरात आमच्या ऑफिसचा ट्रेक राजगडला निघाला, गुंजवण्याकडून. मला टाळता आलं असतं. मी टाळलं नाही. पण तो भेटावा म्हणून गेलो, असंही म्हणता येणार नाही.

पायथ्याशी गाड्या लावायची जागा होती आणि कडेला चहाचं छप्पर. चहा देणाऱ्या बाईला मी विचारलं, "इथे मानसिंग शिळीमकर कुठे राहतात?"

"हेच घर की. म्या त्यांची मंडळी, गायत्री. ते गाड्या लावत्यात तिकडं." तिनं मला नीट बघितलं. "तुमी कोण?"

"कॉलेजात बरोबर होतो. फुटबॉल खेळायचो."

तिच्या हातातला ग्लास थांबला. "म्हंजी ते खरंच खेळायचे?"

"खेळायचे म्हणजे? कॅप्टन होते."

ती हसली, पण बरं वाटून नाही. "लग्नाच्या आदी त्यांनी असंच सांगितलं हुतं. कालेजात फोटू लावलाय म्हणले. माझ्या बहिणीला तिथं घातली तवा म्या गेलते. फोटू हाय. ढाल हाय. हे कुठंच न्हाईत. म्या घरी येऊन म्हणलं, पाय जन्माचा अधू हाय असं सांगितलं असतं तरी केलंच असतं की लगीन, थापा कशाला मारायच्या? तवापास्नं ते त्यातलं काय बोलत न्हाईत."

"थापा नाहीत," मी म्हणालो. "तो फोटोत नाही, कारण..."

"असू द्या," ती म्हणाली. "मैतर मैतराचंच म्हणणार."

तेवढ्यात तो आला. अंगानं सुटला होता, हातात काठी, गळ्यात शिट्टी. उजवा पाय जमिनीवर ओढत नव्हता, तर दर पावलाला बाहेर फेकत होता. मला बघून तो थबकला नाही.

"आलात व्हय," तो म्हणाला. "किती गाड्या हायेत तुमच्या?"

"तीन. मानसिंग, मला तुम्ही काय म्हणतोस?"

"मानसं बगत्यात तुमची." त्यानं माझ्या सहकाऱ्यांकडे मान हलवली. ते आधीच वाटेला लागले होते. मग तो बाकड्यावर बसला, पाय सरळ ठेवून. स्वरूप वर्षातून एक-दोनदा येतो, एवढं त्यानं सांगितलं. कुंदाआत्या गेली.

"मानसिंग, माझं चुकलं," मी म्हणालो.

त्यानं विचार केला. खरोखर केला, मला दिसत होतं. "काय चुकलं?"

"सरांना सांगितलं ते. आणि नंतर..."

"सांगितलंस ते बराबर केलंस. तुज्या जागी म्या असतो तर तीन आटवडं थांबलो नसतो. गुडगा गेलेला मानूस संगात कशाला ठिवायचा?" त्यानं काठीचं टोक मातीत फिरवलं. "टॅकल मातर चुकला. बॉलला जायचं असतंय. तू बॉल बगितलाच न्हाईस."

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"बगितला हुतास का?"

"नाही."

"मंग झालं."

मी म्हणालो, "तुझ्या बायकोला मी सांगितलं, तू कॅप्टन होतास म्हणून."

पहिल्यांदाच त्याचा चेहरा बदलला. त्यानं छपराकडे बघितलं. गायत्री आत भांडी घासत होती. "तिला कशाला सांगितलंस?" तो हळू आवाजात म्हणाला. "इसरली हुती ती. आता पुन्ना इचारत बसंल, मंग फोटूत का न्हाई म्हणून. त्या टायमाला तू हितं असनार हाईस का सांगायला?"

खालच्या वळणावर एक मिनीबस आडवी अडकून हॉर्न वाजवत होती. मानसिंग काठीवर भार देऊन उठला. मी हात पुढे केला. त्यानं तो बघितला नाही, की बघून सोडून दिला, सांगता येत नाही. तो बसपाशी गेला, ड्रायव्हरला आधी एक शिवी दिली आणि मग शिट्टी वाजवत वाजवत ती मागे घ्यायला लावली.

मी वाटेला लागलो. गडाच्या चोर दरवाजाच्या खूप अलीकडे दम लागला असं सांगून एका दगडावर बसलो. बाकीचे वर गेले. ते उतरेपर्यंत मी तिथेच होतो.